सा कोणाचा?

चाळिशी ओलांडल्यावर माणसानं नवीन काही शिकू नये, असं आमच्या सौभाग्यवतींचं ठाम मत आहे. चाळिशीच्या आत मी काय शिकलो, असं विचारल्यावर ती गप्प बसते. हे गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, हे मात्र मी चाळिशीच्या आतच शिकलो.

तरीही मी गिटार शिकायला घेतली. घेतली म्हणजे विकत घेतली नाही. बँकेतला कारकून वस्तू विकत घेण्याआधी तिचा घसारा काढतो, आणि घसारा काढल्यावर कुठलीच वस्तू विकत घ्यावीशी वाटत नाही. ही गिटार चालत आली. पुण्याला असलेल्या माझ्या भाच्याची कंपनीनं बंगलोरला बदली केली. सामान आवरताना त्यानं नको असलेल्या सगळ्या वस्तू 'मामांना आवडेल' या सदरात घातल्या आणि बार्शीमार्गे परंड्याला धाडून दिल्या. त्यात एक मिक्सर होता (बंद), एक डंबेल होतं (जोडीतलं एकच) आणि ही गिटार होती.

साधी गिटार लाकडाची असते आणि तिच्या पोटाला भोक असतं, एवढं मला ठाऊक होतं. हिच्या पोटाच्या जागी चक्क एक मोठी, नक्षीदार, चकचकीत पत्र्याची ताटली बसवलेली होती. सौभाग्यवतींनी ती बोटानं वाजवून पाहिली आणि म्हणाली, "ह्यावर पापड चांगले भाजतील." आमच्या बँकेचा शिपाई घरी पासबुकं द्यायला आला होता. त्यानं तर "साहेब, कुकरला तारा कशाला लावल्या?" असंच विचारलं.

भाच्याला फोन केला तेव्हा कळलं की हिला रेझोनेटर गिटार म्हणतात. या ताटलीखाली ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते. तारा थरथरल्या की वाटी थरथरते आणि आवाज मोठा होतो. लाऊडस्पीकरचा कर्णा जे काम विजेवर करतो, तेच ही वाटी फुकटात करते. पूर्वी अमेरिकेतल्या वाद्यवृंदात कर्ण्यांच्या आणि ढोलांच्या गोंगाटात बिचाऱ्या गिटारचा आवाज कुणाला ऐकूच जात नसे. विजेची गिटार अजून यायची होती. तेव्हा जॉन डोपयेरा नावाच्या, मूळच्या स्लोव्हाकियाकडच्या कारागिरानं ही युक्ती काढली आणि 1927 च्या सुमारास लॉस एंजलीसला 'नॅशनल' या नावानं ही वाद्यं निघू लागली. पुढं भागीदारांत बिनसलं. डोपयेरा बाहेर पडला आणि त्यानं भावांना घेऊन 1928 मध्ये नवी कंपनी काढली. डोपयेरा ब्रदर्स, म्हणून 'डोब्रो'. स्लोव्हाक भाषेत 'डोब्रो' म्हणजे 'चांगलं'. मग कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि काही वर्षांनी दोन्ही कंपन्या पुन्हा एक झाल्या. हे सगळं ऐकल्यावर मला या वाद्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. भाऊबंदकी, कोर्ट आणि शेवटी समेट, म्हणजे वाद्य परदेशी असलं तरी वळण आपल्या तालुक्याचंच.

हे वाद्य मांडीवर आडवं घ्यायचं आणि डाव्या हातातली पोलादी दांडी तारांवरून सरकवत वाजवायचं. दांडी सरकवण्याची ही तऱ्हा हवाई बेटांची. जोसेफ केकुकू नावाच्या एका शाळकरी पोरानं 1889 च्या आसपास रेल्वेचा बोल्ट तारेवरून घासून ती शोधून काढली, असं सांगतात. आमच्याकडंही बार्शी लाईट रेल्वे 1897 पासून धावत होती. रुळांचे बोल्ट आमच्याकडंही निघत असणार. पण आमच्या लोकांनी त्यांचं दुसरं काहीतरी केलं असावं.

आता कुणी म्हणेल, परंड्यात बसून हे असलं विलायती वाद्य कशाला? पण ते तितकंसं विलायती राहिलेलं नाही. ताऊ मो नावाचा हवाईयन वादक 1940 च्या दशकात कलकत्त्यात बिऱ्हाड करून राहिला आणि बंगाल्यांना त्यानं या गिटारचा नाद लावला. व्हॅन शिपले यांनी याच गिटारवर सिनेमाची गाणी वाजवून घरोघरच्या रेकॉर्डप्लेयरवर जागा मिळवली. ब्रिजभूषण काब्रांनी तर तिच्यावर रीतसर राग वाजवले. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये संतूर आणि बासरीच्या शेजारी बसून गिटार जे बोलते, ते त्यांचं. जयपूरच्या विश्वमोहन भटांनी तिला आणखी तारा लावून मोहनवीणा केली आणि 1994 मध्ये थेट ग्रॅमी घरी आणलं. म्हणजे मुलगी सासरी रुळलेली होती. प्रश्न फक्त माझा होता.

प्रश्न असा उभा राहिला की भाचा फोनवर म्हणाला, "मामा, ट्यूनिंग कोणतं ठेवणार?"

"म्हणजे? जे असतं ते."

"तसं नसतं हो. निवडावं लागतं."

मला इथंच धोक्याची घंटा ऐकू यायला हवी होती. आयुष्यात मी निवड अशी फारशी केलेलीच नाही. कॉमर्सला गेलो, कारण बार्शीच्या कॉलेजात माझ्या मार्कांना तीच शाखा मिळाली. बँकेत लागलो, कारण परीक्षा दिलेल्या चार ठिकाणांपैकी तिथूनच पत्र आलं. लग्नात मुलगी निवडायची असते म्हणतात. आमच्या बाबतीत ते काम तिच्या मामांनी केलं. अशा माणसाला एकदम सहा तारांची सहा डोकी कुठल्या स्वरावर बांधायची ते ठरवायला सांगणं म्हणजे जन्मभर जमाखर्च लिहिणाऱ्याला एकदम अर्थमंत्री करण्यासारखं आहे.

भाच्यानं पर्याय सांगितले. पहिला 'स्टँडर्ड'. ई, ए, डी, जी, बी, ई. सगळे यातच वाजवतात, सगळी पुस्तकं यात असतात, कुठलंही गाणं यात बसतं. पण दांडी आडवी ठेवून सगळ्या तारा एकदम छेडल्या तर जो आवाज निघतो, तो सर्वपक्षीय बैठकीचा. दुसरा 'ओपन डी'. आपल्या भाषेत सा-प-सा-ग-प-सा. तारा नुसत्या छेडल्या तरी कानात साखर. तिसरा 'ओपन जी', म्हणजे प-सा-प-सा-ग-प. चौथा, खास डोब्रोवाल्यांचा, सा-ग-प-सा-ग-प. शिवाय हवाईवाल्यांचा जुना 'ओपन ए', जो तिसऱ्यासारखाच, फक्त एक स्वर वर.

मी हे सगळं माझ्या भाषेत लिहून काढलं. स्टँडर्ड म्हणजे बचत खातं. केव्हाही पैसे काढा, कुठंही चालवा, पण व्याज बेताचंच. ओपन म्हणजे मुदत ठेव. एकाच गोष्टीत गुंतवणूक, आणि त्या एका गोष्टीत व्याज भरघोस. दांडी कुठंही आडवी ठेवा, सहाही तारा एकमुखानं बोलतात. पण मधेच मोडायची वेळ आली की दंड! त्या गंधाराच्या तारेनं एकदा शुद्ध गंधार धरला की तुम्ही मालकंस वाजवायला घ्या, ती मधे शुद्ध गंधार बोलणारच. मालकंसात गंधार कोमल, आणि पंचम तर मुळीच नाही. तिथं पंचमाच्या तारा म्हणजे बारशाला आलेले वसुलीवाले.

हा प्रश्न नवा नाही. आमचे तंबोरेवाले तो पिढ्यान् पिढ्या सोडवत आले आहेत. मिरजेला तंबोरे-सतारी करणारी घराणी आहेत. 2024 मध्ये त्यांच्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला तंबोरा घ्या, त्याला तारा चारच. त्यातल्या तीन मुकाट्यानं षड्ज धरून बसतात. वाद फक्त पहिल्या तारेचा. रागात पंचम असेल तर ती पंचमात लावायची. नसेल तर मध्यमात. मारव्यासारखा, पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, असा राग आला तर निषादात. म्हणजे बैठकीला बसताना आज काय गायचं ते आधी ठरवायचं आणि मग तार लावायची. मी उलट्या बाजूनं चाललो होतो. काय वाजवायचं ठरलेलं नाही, आणि तारा कशा लावायच्या याच्यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चिंतन!

शेवटी ओपन डी ठरवलं. भाच्यानं सांगितलं, "सोपं आहे मामा. चार तारा उतरवायच्या, दोन तशाच. मोबाईलवर ट्यूनर घ्या, तो दाखवील." पडद्यावर त्या यंत्राची सुई हलायला लागली. पहिली तार 'ई' दाखवत होती, तिला 'डी' करायची. मी खुंटी पिळायला लागलो. 'एफ' आलं. म्हटलं, येईल. 'जी' आलं. म्हटलं, आता फार लांब नाही. ई नंतर डी चढत्या बाजूनं यायचा तर तो पुढच्या सप्तकात येतो, हे भाचा सांगायचं विसरला होता. तार सतारीसारखी ताठ झाली. प्रमोशनची वाट बघणाऱ्या माणसासारखा मी पडद्याकडं डोळे लावून बसलो होतो. पुढं काय आलं ते यंत्रानं सांगितलं नाही, तारेनंच सांगितलं. फटकन आवाज झाला, तार माझ्या मनगटाला चाटून गेली, शेजारचं कुत्रं ओरडलं आणि स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "काय फोडलंत?"

उतरायचं असताना चढत राहणं, ही चूक फक्त गिटारवरच होते असं नाही. पण ते असो.

दुसऱ्या दिवशी बँकेत हाताला पट्टी बघून चौकशी झाली आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या ट्यूनिंगवर चर्चासत्र भरलं. कॅशियर म्हणाले, "ज्यात कमी पिळावं लागतं ते घ्या. माणूस काय, तार काय." शाखाधिकाऱ्यांनी यासंबंधी वरून काही परिपत्रक आहे का ते बघायला सांगितलं. आमच्या गल्लीत भजनाला तबला धरणारे एक गुरुजी पेन्शनचा दाखला द्यायला आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"ते सगळं ठीक आहे. तुमचा सा कोणता?"

मी म्हटलं, "कसला सा?"

"अहो, तुमचा. प्रत्येकाचा असतो. काळी एक, पांढरी दोन... तुमचा गळा कुठं बसतो?"

आणि वाचकहो, त्या दिवशी काऊंटरवर उभा राहून मला घाम फुटला. वय सेहेचाळीस, नोकरी बावीस वर्षं, आणि माझा सा कोणता ते मला ठाऊक नाही! केवायसीमध्ये सगळ्यांचं सगळं विचारणारा मी. आधार विचारतो, पॅन विचारतो, स्वतःला हा एक प्रश्न कधी विचारला नव्हता.

विचार करता करता लक्षात आलं की मी दिवसभर दुसऱ्यांच्या पट्टीत बोलतो. शाखाधिकाऱ्यांसमोर माझा आवाज आपोआप दोन स्वर खाली जातो. आवाटी-अनाळ्याकडून पगारी न्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांशी मी "मावशी, अंगठा हितं टेकवा, दमानं" असं त्यांच्या पट्टीत बोलतो. व्यापारी आला की मीही घाईत असतो. ऑडिटर आला की मला इंग्रजी सुचतं. घरी आल्यावर सौभाग्यवतीच्या पट्टीत, म्हणजे बहुतेक वेळा गप्प. मग या सगळ्यात मी कुठं आहे? समोरच्याच्या सुरात सूर मिसळणं ही माणुसकी म्हणायची, की ही नुसती लबाडी?

हा प्रश्न दिसतो तेवढा हलका नाही. दोनदा माझं अधिकारी म्हणून प्रमोशन निघालं आणि दोन्ही वेळा मी नाही म्हणालो, कारण प्रमोशन म्हणजे बदली. लोक म्हणाले, 'वडिलांसाठी त्याग केला.' मीही मान खाली घालून ते ऐकून घेतलं. पण रात्री दोन वाजता, हातात न लागलेली गिटार असताना, माणूस स्वतःशी खोटं बोलत नाही. वडिलांची काळजी होती, हे खरं. नव्या गावाची, नव्या साहेबाची, मराठी न बोलणाऱ्या गिऱ्हाइकांची भीती होती, हे जास्त खरं. भीतीला मी कर्तव्याच्या खात्यात जमा केलं, आणि ती नोंद कुठल्या ऑडिटरला सापडली नाही.

बदलीचं म्हणाल तर आमच्या परंड्याहून बदली झालेली सगळ्यात मोठी असामी म्हणजे मुलूखमैदान तोफ. 1549 साली अहमदनगरला ओतली, मग आमच्या किल्ल्यात आली, आणि 1632 साली तिची विजापूरला बदली झाली. वजन सुमारे पंचावन्न टन. न्यायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले, असं सांगतात. एवढं बदली-भत्त्याचं बिल आमच्या हेड ऑफिसनं पास केलं नसतं. ती ज्या धातूची आहे त्यामुळं तिच्यावर ठोकलं की घंटेसारखी वाजते म्हणे. विजापूरला गेली म्हणून तिचा सूर बदलला नाही. तोफेला ते जमतं. माणसाचं काय?

तर नवी तार आणली (बार्शीहून), यावेळी उतरवत गेलो आणि गिटार ओपन डीमध्ये लागली. ट्यूनरवर सहाही तारांना हिरवा दिवा. मी अभिमानानं सगळ्या तारा एकदम छेडल्या. आतल्या खोलीतून अप्पांचा आवाज आला,

"गंधार वर आहे."

अप्पा म्हणजे माझे वडील. वय एक्क्याऐंशी. चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवून गायलेले. मी म्हटलं, "अप्पा, मशीन बरोबर म्हणतंय."

"मशीनला काय कळतंय. वर आहे. थोडा उतरव."

थोडा उतरवला तर हिरवा दिवा जाऊन लाल लागला. अप्पा म्हणाले, "हां. आता बसला."

एकीकडं यंत्र, दुसरीकडं बाप. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळं वही काढली आणि हिशेब केला. तो हिशेब वाचकांनाही सांगतो, कारण मला त्यानं फार समाधान दिलं.

एका सा पासून वरच्या सा पर्यंत जे अंतर, त्याचे बाराशे भाग पाडतात. त्या भागाला 'सेंट'च म्हणतात, म्हणजे संगीतातही पैसेच आहेत. आता सा पासून पंचमाची उडी मारा, त्या पंचमाला सा धरून पुन्हा पंचमाची, अशा बारा उड्या मारल्या की फिरून पुन्हा सा वर यायला पाहिजे. येत नाही. सुमारे साडेतेवीस सेंट जास्त होतात. ट्रायल बॅलन्स जुळत नाही! हा फरक देवाच्या घरचा आहे. कितीही वेळा बेरीज करा, निघतोच. मग पेटीवाल्या, पियानोवाल्या लोकांनी काय केलं? आम्ही जे वर्षअखेरीला रात्री अकरा वाजता करायचा मोह आवरतो, ते त्यांनी उघड उघड केलं. फरक बाराही खात्यांवर वाटून टाकला. प्रत्येक पंचमाला जेमतेम दोन सेंटांचा चटका. कुणाला कळतही नाही, आणि कुठल्याही पट्टीत वाजवता येतं. पण या वाटणीत गंधाराचं खातं फुगलं. निसर्गाचा गंधार सा पासून तीनशे शहाऐंशी सेंटांवर बसतो. यंत्राचा गंधार चारशेवर. चौदा सेंट वर. ट्यूनरला हा चारशेवालाच ठाऊक. तंबोऱ्यात गंधाराची तार नसतानाही षड्जाच्या तारेतून जो आपोआप गंधार ऐकू येतो, तो शहाऐंशीवाला. अप्पांनी चाळीस वर्षं पेटी वाजवली, पण गाताना त्यांचा गळा त्या आपोआप आलेल्या गंधाराकडंच जायचा.

म्हणजे यंत्र खोटं नव्हतं. ते सगळ्यांच्या सोयीचं होतं. आणि सगळ्यांच्या सोयीचं जे असतं ते कुणालाच पूर्ण बरोबर नसतं, एवढंच. आमच्या खात्यांचे नियमही असेच आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

मी विचारलं, "अप्पा, गाता का? मी सा धरतो."

अप्पा म्हणाले, "आता कुठलं गाणं."

हे 'आता कुठलं गाणं' मी तीन वर्षं ऐकत होतो आणि त्याचा अर्थ 'वय झालं' असा घेत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा खोदून विचारलं, तेव्हा कळलं. तरुणपणी अप्पा काळी एकमध्ये गात. मंडळात पुढं नवी पोरं आली. त्यांचे गळे उंच, पट्टी काळी दोनवर गेली. इकडं अप्पांचा गळा वर्षावर्षाला खाली येत गेला. पोरांचं चुकलं नव्हतं, त्यांचा आवाजच तिथं लागतो. अप्पांचंही चुकलं नव्हतं. वीस जणांनी एका म्हाताऱ्यासाठी खाली यावं असं म्हणायला अप्पांना संकोच वाटला, आणि न विचारता खाली यायचं पोरांना सुचलं नाही. मग अप्पा नुसते टाळ धरून बसायला लागले. मग मागं बसायला लागले. मग पाय दुखायला लागले.

घरी पेटी होती. तिच्यावर गायचे ना? तर म्हणाले, "तिच्यात माझा सा नाही राहिला." मला वाटलं, हे अध्यात्म आहे. ते अध्यात्म नव्हतं, माहिती होती. त्यांना गुणगुणायला लावलं आणि समोर ट्यूनर धरला. सुई 'जी शार्प' आणि 'ए' यांच्यामधे उड्या मारायला लागली. आधी हे, मग ते, एकावर ठरेना. म्हणजे काळी चार आणि पांढरी सहा यांच्या बरोब्बर मधे. पेटीला तिथं पट्टीच नाही! दोन पट्ट्यांमधल्या फटीत आमच्या अप्पांचा सा तीन वर्षं अडकून पडला होता.

कुर्डुवाडी स्टेशनची आठवण झाली. लाईट रेल्वे अरुंद रुळांची आणि मोठी गाडी रुंद रुळांची. दोन्ही तिथं यायच्या, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर जात नसे. माणसांनी गाठोडी डोक्यावर घेऊन मधलं अंतर पायी तोडायचं. सामान उचलायला तिथं हमाल तरी असायचे.

त्या रात्री मी ओपन डी मोडलं. मुदतीआधी मोडल्याचा दंड म्हणून पुन्हा एक तार गेली, ती मी आनंदानं भरली. हवाईवाल्यांचं जुनं ओपन ए लावलं, प-सा-प-सा-ग-प, आणि मग सहाही तारा हळूहळू खाली आणल्या. एक पूर्ण पट्टी नाही, अर्धीच. अप्पा कॉटवर बसून सांगत होते, "अजून... अजून... थांब." गंधाराला आणखी चौदा सेंट, तेही त्यांच्याच कानानं. ट्यूनरवर सगळे दिवे लाल. त्याच्या मते परंड्यात त्या क्षणी एकही स्वर बरोबर नव्हता. मी मोबाईल उशीखाली ठेवला.

दांडीच्या वाद्याचं हेच एक मोठेपण आहे. पेटीच्या पट्ट्या ज्या आहेत त्या आहेत. बोटानं पडद्यावर दाबायची गिटारसुद्धा ठरल्या घरातच पाऊल टाकते. दांडीला घरच नाही. ती दोन स्वरांच्या मधे कुठंही थांबते, आणि म्हाताऱ्या माणसाचा स्वर जरा हलला तर तीही जरा हलते.

अप्पांनी हरिपाठ म्हटला. सगळा नाही. मधे दोनदा दम लागला, एकदा शब्द विसरले. मला त्यांच्यामागं वाजवता येत होतं असं मुळीच नाही. मी नुसता सा आणि प धरून बसलो होतो, तंबोऱ्यासारखा. सौभाग्यवती पीठ मळायचं सोडून दारात उभी राहिली होती. कुणीच काही बोललं नाही, आणि पापडाचा विषयही निघाला नाही.

मग माझ्या प्रश्नाचं काय? दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळणं माणुसकी की लबाडी? त्या रात्री खाली उतरवलेल्या तारांकडं बघताना मला एक गोष्ट दिसली. सहाही तारा मी उतरवल्या, पण एकमेकींपासूनचं त्यांचं अंतर बदललं नाही. सा आणि प यांचं नातं जे वर होतं तेच खाली होतं. पट्टी बदलली, नातं बदललं नाही. म्हाताऱ्या मावशीशी मी तिच्या पट्टीत बोलतो ते ठीकच आहे. नोटा मात्र मी तिलाही तेवढ्याच मोजून देतो, जेवढ्या व्यापाऱ्याला. तिथं जर कमी-जास्त झालं, तर ते पट्टी बदलणं नव्हे, ते बेसूर होणं. आणि खाली यायलाही मर्यादा आहे. तार फारच सैल सोडली की दांडीच्या नुसत्या वजनानं ती झोपते, मग तिच्यातून सूर निघत नाही, नुसतं कण्हणं निघतं. आपल्यातली काही भली माणसं अशी कण्हताना मी पाहिली आहेत. फार ताणली तर काय होतं त्याचा वण माझ्या मनगटावर आहे.

प्रमोशनची ती जुनी नोंद मात्र या हिशेबात बसली नाही. तिथं मी पट्टी बदलली नव्हती, नातंच बदललं होतं. भीतीला कर्तव्य म्हटलं होतं. ती नोंद मी दुसऱ्या दिवशी अप्पांसमोर दुरुस्त केली. अप्पा म्हणाले, "मला माहीत होतं. तू लहानपणी पोहायलाही भीत होतास." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण राहिलास ते बरं झालं." दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच सुरात म्हटली.

आता दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडं अर्धा तास गाणं असतं. गेल्या महिन्यात मंडळातली दोन पोरं चपला काढून हळूच येऊन बसली आणि अप्पांच्या पट्टीत गायली. उंच गळ्याच्या पोरांना खाली गाताना त्रास होत होता, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. भाच्याचा परवा व्हिडिओ कॉल आला. मी छेडून दाखवली. तो बराच वेळ कान देऊन ऐकत होता. म्हणाला, "मामा, हे कुठलं ट्यूनिंग? हे कशातच बसत नाही."

मी म्हटलं, "परंडा ट्यूनिंग. जगात एकाच माणसासाठी आहे."

मी हे जरा रुबाबातच म्हटलं असावं. कारण फोन ठेवल्यावर सौभाग्यवतींनी कणकेचा हात पदराला पुसला आणि शांतपणे विचारलं,

"शाखाधिकाऱ्यांची पट्टी झाली, म्हाताऱ्यांची झाली, ऑडिटरची झाली, मामंजींची झाली. अहो, बावीस वर्षांत माझा सा कोणता, ते विचारलंत का कधी?"

सध्या मी त्याच शोधात आहे. खुंटीला हात लावण्यापूर्वी, वर जायचं की खाली, एवढं मात्र यावेळी आधी विचारून घेणार आहे.